पस्तिसाच्या आत

ऐली कांगास बसलेली अशी कुणाला फारशी दिसली नाही. थंडर बे या उत्तरेकडच्या गावात बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर पशुखाद्याचं एक मोठं गोदाम आहे, तिथं ती एकोणीस वर्षं कामाला होती. जेवणाच्या सुट्टीतही राय धान्याच्या काळ्या पावाचा तुकडा हातात धरून ती पोत्यांच्या थप्प्यांमधून येरझाऱ्या घालायची. हात रिकामे राहिले की तिला काही सुचायचं नाही. थांबली तरी एक पाय हलत असायचा.

वय एकावन्न, उंची पाच फूट आठ इंच, वजन एकशे दहा किलो. शाळेत पोरं तिला 'ट्रक' म्हणायची. पुढं गोळाफेकीत ती अख्ख्या प्रांतात दुसरी आली, तेव्हा तीच पोरं 'आमचा ट्रक' म्हणायला लागली, एवढाच काय तो फरक. नवरा होता, तो पश्चिमेकडे तेलाच्या खाणींवर गेला आणि तिकडचाच झाला. मूलबाळ नव्हतं. होता तो एक भाऊ, आर्वो. तिच्याहून सहा वर्षांनी मोठा.

आर्वो शिंपी. फिनलंडहून आलेल्या लोकांच्या जुन्या वस्तीत त्याचं दुकान होतं. माणूस काडीसारखा. लांब बोटं, बारीक मनगटं, शर्टाच्या कॉलरमध्ये मान अशी की घंटेतला लोलक. लहानपणी आई त्याच्या ताटात दालचिनीचा गोड पाव दोनदा वाढायची, "जरा अंग धरू दे पोराला," म्हणायची, आणि ऐलीपुढून टोपली उचलून न्यायची. ऐलीला त्याचा राग नव्हता. तिला वाटायचं, असंच असतं.

त्या काडीसारख्या माणसाला मधुमेह असल्याचं कळलं ते पाय सुजले तेव्हा. तोवर तो किती वर्षं अंगात मुरला होता कुणास ठाऊक. दरवर्षी डॉक्टरकडे जायचा, उंची-वजन व्हायचं, "तुमच्यासारखं वजन सगळ्यांचं असतं तर आमचा धंदा बसला असता," असं डॉक्टर म्हणायचे आणि हा घरी यायचा. साखर कधी कुणी तपासलीच नाही. कळलं तेव्हा दोन्ही किडन्या गेल्यात जमा होत्या. आता आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास, डायलिसिसच्या खुर्चीत.

ऐलीने क्षणाचाही विचार केला नाही. "माझी एक घ्या," म्हणाली. "दोन आहेत, धडधाकट आहेत."

किडनी बदलायचं इस्पितळ विमानाने दोन तासांवर, दक्षिणेच्या मोठ्या शहरात. तपासण्या मात्र बऱ्याचशा गावातच झाल्या. रक्तगट जुळला. रक्तात रक्त मिसळून पाहिलं, तेही जुळलं. साखर उत्तम, रक्तदाब उत्तम. चोवीस तासांची लघवी बाटलीत धरून तिने ती गोदामातल्या फ्रीजमध्ये, लोकांच्या डब्यांशेजारी ठेवली, त्यावरून दोन दिवस आरडाओरडा झाला. फेब्रुवारीच्या मध्याला इस्पितळातून फोन आला. दात्यांचं सगळं बघणारी फर्न नावाची परिचारिका बोलत होती.

"ऐलीबाई, रिपोर्ट फार छान आहेत सगळे."

"मग तारीख सांगा."

"एक अडचण आहे. तुमचा बीएमआय छत्तीस पॉइंट आठ येतोय. आमच्याकडे पस्तिसाच्या वर दाता घेत नाहीत."

"म्हणजे काय?"

"म्हणजे उंचीच्या मानाने वजन. थोडं कमी करावं लागेल."

"माझं वजन तेवढंच आहे, वीस वर्षं झाली. मी रोज दहा टन माल हलवते, बाई."

"ते खरं असेल हो," फर्न म्हणाली. आवाजात खरंच वाईट वाटल्यासारखं होतं. "पण कागदावर पोती दिसत नाहीत ना."

फोन ठेवल्यावर ऐलीने रिकाम्या पोत्यावर पेन्सिलीने हिशेब मांडला. वजन किलोत, त्याला उंचीने भागायचं, मीटरमध्ये, आणि परत एकदा उंचीने भागायचं. झालं. एवढंच. तिने तीनदा भागून पाहिलं. कुठेच चूक नव्हती, आणि त्यात ती स्वतःही कुठं नव्हती. बाई आहे का पुरुष, वय काय, अंगात हाड किती, मांस किती, चरबी किती, हे विचारायची त्या गणिताला गरजच पडत नव्हती.

त्या दुपारी ती डायलिसिसच्या दालनात गेली तेव्हा आर्वो कांबळं गळ्यापर्यंत ओढून बसला होता. त्याला सतत थंडी वाजायची. ती त्याच्या खुर्चीभोवती दारापासून खिडकीपर्यंत फेऱ्या मारायला लागली.

"अगं, बस की. यंत्राला चक्कर येईल."

"मी जाड आहे म्हणून नको म्हणतात."

आर्वो हसला. मग तिचं तोंड बघून थांबला. "बरं झालं," तो म्हणाला. "राहू दे. यादीत माझं नाव आहे."

"यादी चार वर्षांची आहे."

"मग चार वर्षं. मला कुठं जायचंय? पँटी शिवायच्या आहेत."

"चार वर्षांत तू—" ती वळली. खिडकीशी गेली, बाहेरच्या बर्फाकडे पाहिलं, परत आली. "मी बघते काय करायचं ते."

करायचं काय, ते तिला डेलबर्ट मूनियसकडून कळलं. डेलबर्ट गेली दहा वर्षं बर्फावरची स्लेजगाडी ओढणाऱ्या आपल्या कुत्र्यांसाठी खाद्य न्यायला गोदामात यायचा. साठीला आलेला ओजिब्वे आदिवासी माणूस, दोन वेण्या, बोलणं कमी. विद्यापीठात व्यायामशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळायचा. त्या दिवशी ऐलीने त्याची पोती गाडीत टाकली नाहीत, आदळली.

"कुत्र्यांचा काय दोष?" तो म्हणाला.

तिने सगळं सांगितलं. डेलबर्टने ऐकून घेतलं, तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, घोड्याकडे पाहावं तसं.

"माझ्या दोन कुत्र्यांचं वजन सारखं आहे," तो म्हणाला. "एक दिवसाला साठ किलोमीटर ओढतो. दुसरा माझ्या बायकोच्या सोफ्यावर झोपतो. वजनकाट्याला त्यांच्यात फरक दिसत नाही. आमच्याकडे एक टाकी आहे. ये गुरुवारी. पोहायचे कपडे आण."

टाकी म्हणजे छातीएवढ्या खोल पाण्याचा हौद आणि त्यावर छताला टांगलेला वजनकाटा. काट्याला खाली खुर्ची लटकवलेली. त्या खुर्चीत बसून डोकं पाण्याखाली घालायचं, छातीतली हवा सगळी सोडून द्यायची आणि काटा थांबेपर्यंत हलायचं नाही.

"चरबी तरंगते, मांस आणि हाड बुडतं," डेलबर्टने सांगितलं. "पाण्यात तुझं वजन किती भरतं त्यावरून काढायचं, तुझ्यात तरंगणारं किती आणि बुडणारं किती. पण पाण्यात बाई हलली की काटा नाचतो. मग आकडा खोटा."

ऐलीला हलू नको म्हणणं म्हणजे वाऱ्याला खुंटीला टांग म्हणणं. पहिल्यांदा तिने हवा सोडली आणि छातीत असं काही भरून आलं की ती ताडकन उभी राहिली. दुसऱ्यांदा पाय हलला. तिसऱ्यांदा खुर्चीच फिरली. पाण्याखाली डोळे मिटले की तिला आर्वोच्या दंडातली ती फुगलेली शीर दिसायची, सुईने टोचून टोचून चाळण झालेली.

"घाई कसली आहे?" डेलबर्टने काट्यावरून मान न वळवता विचारलं.

"आहे घाई. तुला ठाऊक आहे कसली."

"मला ठाऊक आहे. पाण्याला नाही."

सातव्या वेळी जमलं. हवा संपली. खाली सगळं गप्प झालं. ती लोखंडाच्या पट्टीला धरून बसली, दहा सेकंद, आणि त्या दहा सेकंदांत तिला पहिल्यांदा जाणवलं की आपण किती दमलोय.

डेलबर्टने आकडेमोड केली. "चौतीस टक्के."

"म्हणजे चांगलं का वाईट?"

"बारीक नाहीस, ऐली. उगाच सांगणार नाही. एकशे दहातले सदतीस किलो चरबी आहे. पण या उंचीवजनाच्या बायका इथं येतात ना, त्यांचा आकडा बहुतेक वेळा पंचेचाळीसच्या आसपास येतो. तुझ्या अंगात मांस-हाडच बहात्तर-त्र्याहत्तर किलो आहे. गावातल्या किती पुरुषांचं तेवढं नसेल." त्याने कागद तिला दिला. "पाठव हे त्यांना."

तिने त्याच दिवशी पाठवलं. मग फोनची वाट बघणं सुरू झालं. फोन वाजला की ती पोतं टाकून धावायची. अकरा दिवसांनी फर्नऐवजी स्वतः सर्जन बाईंचा, डॉक्टर गान्यों यांचा फोन आला.

"कागद वाचला मी," त्या म्हणाल्या. "विश्वासही आहे. बीएमआय हा काही शहाणा आकडा नाही, हे आम्हालाही कळतं. पण दोन गोष्टी आहेत. तुमच्या पोटात दुर्बीण घालून किडनी काढायची आहे, तिथं जाडी असली की मला त्रास आणि तुम्हाला धोका. आणि पुढची तीस वर्षं तुम्हाला एकाच किडनीवर काढायचीत. ती किडनी चरबीसाठीही राबते आणि मांसासाठीही. तुमचं अख्खं शरीर तिलाच पोसायचंय. पाच-सहा किलो कमी करा. सावकाश. सहा महिन्यांनी बघू."

"सहा महिने कुणाकडे आहेत?" ऐली म्हणाली.

"तुमच्याकडे आहेत," डॉक्टर म्हणाल्या. "निरोगी माणसाला आजारी पाडून मी दुसऱ्याला बरं करत नसते."

बोलणं बरोबर होतं. म्हणूनच ते ऐलीला सहन झालं नाही.

आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आर्वोला ताप भरला. रक्तात जंतू शिरले. नऊ दिवस तो इस्पितळात होता. दोन दिवस तर त्याने तिला ओळखलंही नाही. आईच्या नावाने हाका मारत होता. ऐली वॉर्डच्या बोळातून चालत राहिली. तिथल्या फरशा तिने इतक्या वेळा मोजल्या की कुठली तडकलेली आहे ते डोळे मिटून सांगितलं असतं. दहाव्या दिवशी तो उठून बसला तेव्हा त्याच्या गालांची हाडं वर आली होती. तिने मनाशी ठरवलं. सहा महिने नाही. सहा आठवडे.

तिने खाणं सोडलं. सकाळी काळी कॉफी, दुपारी काकडी, रात्री माशाचं पाणी. मासा नाही, त्याचं पाणी. वर दिवसभर तीच पोती. पहिल्या आठवड्यात दोन किलो उतरले, तशी तिला झिंगच चढली. चौथ्या आठवड्यात एक पोतं उचलताना गुडघे लटपटले आणि ती थप्पीला धरून उभी राहिली. मालकाने विचारलं, "बरं नाही का?" तर त्याच्यावरच खेकसली. केस गळायला लागले. झोप येईना. हात सारखे थंड. आर्वोसारखे.

"तू काय करतेयस?" आर्वोने एकदा विचारलं. तो बरा होऊन परत खुर्चीत आला होता.

"काही नाही."

"शिंप्याला फसवतेस? तुझे खांदे उतरलेत. पोट तिथंच आहे."

"तू तुझं बघ."

एप्रिलच्या शेवटी तिने फर्नच्या मागे लागून तारीख घेतली. आदल्या दिवशी काटा एकशे साडेपाच दाखवत होता. पस्तिसाच्या आत यायला एकशे साडेचारच्या आसपास हवं होतं. घरामागे लाकडी सौना होती, घाम काढायची वाफेची खोली, बापाने बांधलेली. ऐलीने चुलीत बर्चचे ओंडके कोंबले, दगड तापवले आणि त्या वाफेत तीन वेळा, अर्धा-अर्धा तास बसली. पाण्याचा घोट घेतला नाही. घाम निथळून निथळून शेवटी कातडी कोरडी पडली. बाहेर पडताना डोळ्यांपुढं काजवे चमकले. सकाळी ती तशीच विमानात बसली.

इस्पितळाच्या काट्यावर एकशे साडेतीन भरलं. चौतीस पॉइंट सहा. फर्नने टाळी वाजवली. ऐली इतक्या महिन्यांत पहिल्यांदा हसली. मग रक्त घेतलं.

दुपारी डॉक्टर गान्योंनी तिला खोलीत बोलावलं. बुटकीशी बाई, चष्मा कपाळावर. समोर कागद होता.

"तुमचं क्रिएटिनिन, किडनी रक्तातून गाळते तो कचरा, फेब्रुवारीत अगदी बेताचं होतं," त्या म्हणाल्या. "आज वर गेलंय. दुसऱ्या कुणाचं असतं तर मी म्हटलं असतं, या माणसाची किडनी दुखावलीय. शेवटचं पाणी कधी प्यालात?"

ऐली समोरच्या कागदाकडे बघत राहिली. तिचा गुडघा टेबलाखाली हलत होता.

"ऐलीबाई, कधी?"

"परवा. संध्याकाळी."

डॉक्टरांनी चष्मा काढला. रागावतील असं वाटलं होतं. त्या रागावल्या नाहीत, ते जास्त वाईट होतं. "जी किडनी भावाला द्यायची, तिलाच तुम्ही सुकवून इथं आणलीत," त्या म्हणाल्या. "आता पाणी प्या, घरी जा. तीन महिने मला तोंड दाखवू नका. किडनी ठीक आहे हे आधी कळू दे."

परतीच्या विमानात तिला दोन तास पट्ट्याने बांधल्यासारखं बसावं लागलं. शेजारच्या म्हातारीने विचारलं, "घाबरता का हो विमानाला?" ऐली म्हणाली, "हो." दुसरं काय सांगणार.

आर्वोला तिने सांगायचं टाळलं, पण फर्नने त्याला फोन केला होता. शनिवारी सकाळी तो तिच्या दारात उभा. इस्त्रीचा कोट, गळ्यात मफलर, अंगात त्राण नाही तरी.

"चल," तो म्हणाला.

"कुठं?"

"तुझ्या त्या वेणीवाल्याकडे. मी बोललोय त्याच्याशी. तू काय घालवलंस ते बघायचंय मला."

डेलबर्टने शनिवार असूनही प्रयोगशाळा उघडून ठेवली होती. ऐली टाकीत उतरली. आता अंगात पाणी परत आलं होतं, वजन एकशे पाच झालं होतं. या वेळी दुसऱ्याच खेपेला काटा थांबला. हलायला तिच्यात जोरच नव्हता.

डेलबर्टने आकडा काढला, परत काढला, आणि पेन खाली ठेवलं.

"चौतीस," तो म्हणाला. "वर थोडं."

"अरे, पाच किलो गेले माझे!"

"गेले ना. त्यातलं दीड किलो चरबी. साडेतीन किलो मांस. घरात जळण संपलं म्हणून तू दारं-खिडक्या जाळल्यास, ऐली. अडगळ आहे तिथंच आहे."

ती ओल्या अंगाने, टॉवेल खांद्यावर, तशीच उभी राहिली. सहा आठवडे. वजनकाट्याने दर सोमवारी तिला शाबासकी दिली होती. बीएमआय उतरत होता, आणि ती आतून पोकळ होत चालली होती, आणि काट्याला त्याचं काही नव्हतं.

"माझं कर," मागून आर्वो म्हणाला.

"तुझं काय?"

"चरबी. मोज ना."

"डायलिसिसच्या माणसाच्या अंगात पाणी कमीजास्त असतं," डेलबर्ट म्हणाला. "टाकीत तर मी तुला घालणारच नाही. चिमट्याने बघतो, पण तो आकडा पक्का धरू नकोस."

त्याने आर्वोला शर्ट काढायला लावला. दंडाची, पाठीची, कंबरेवरची कातडी चिमट्यात धरून जाडी मोजली. पोटाभोवती टेप फिरवला. ऐलीने भावाला उघडा पाहून कितीतरी वर्षं झाली होती. हात-पाय काड्या, आणि मध्ये, बेंबीभोवती, एक गोल, गच्च पोट. कोटाखाली कुणाला दिसलं नसतं.

"बीएमआय किती याचा?" डेलबर्टने विचारलं.

"तेवीस," आर्वो म्हणाला. "शाबास म्हणतात मला सगळे."

"चरबी तीस टक्क्यांच्या आसपास. पुरुषाला फार झाली. आणि सगळी पोटात." डेलबर्टने टेप गुंडाळला. "तू शाळेतला हुशार मुलगा आहेस, आर्वो. पेपर कुणी तपासलाच नाही."

आर्वो बाकावर बसला. शर्टाची बटणं लावताना त्याची बोटं थांबली.

"मला ठाऊक होतं," तो म्हणाला.

"काय ठाऊक होतं?"

"माझ्या पँटी मीच शिवतो ना. पंचवीस वर्षांत कंबर चार बोटं सोडली. मांडीला तितकंच आत घेतलं. वजन तेच. मी म्हणायचो, कापड आटलं असेल." त्याने एक बटण लावलं. "दिवसभर यंत्रापुढं बसायचं, शेजारी कॉफी आणि गोड पाव. बारीक माणसाला चालतं, म्हणून. लोकांच्या कंबरा मोजल्या जन्मभर, स्वतःची मोजली ती फक्त कापडासाठी."

डेलबर्टने चिमटा खणात ठेवला. हौदातलं पाणी हलत होतं.

"आणि तुझ्या वाटचे पाव मी खाल्ले," आर्वो म्हणाला. "आई तुझ्यापुढून टोपली उचलायची. मी बघत असायचो."

"तू सात वर्षांचा असशील."

"तेरा. तेराव्या वर्षी कळतं माणसाला."

ऐली पुढं झाली. तिने त्याच्या मफलरची गाठ नीट केली, जरा जोरातच. "मला आवडायचेच नाहीत ते," ती म्हणाली. ते धडधडीत खोटं होतं, आणि दोघांनाही ते माहीत होतं.

त्यानंतरचे महिने तिला सगळ्यात जड गेले. उपाशी राहणं सोपं होतं. त्यात काहीतरी केल्यासारखं वाटायचं. आता डेलबर्ट म्हणायचा ते करायचं होतं, म्हणजे सावकाश. सकाळी अंडी, दुपारी मासा, रात्री वाटाण्याचं घट्ट सूप. पोटभर, पण पोटापुरतं. आठवड्यातून तीनदा वजनं उचलायची, पोती नव्हेत, मोजून-मापून. मुख्य म्हणजे आठ तास झोपायचं. काट्यावर महिन्याला एक किलोसुद्धा नीट उतरत नव्हता. आर्वो तिकडे खुर्चीत वाळत होता आणि ती इथं वाटाणे खात होती. कधी कधी ताटावरून उठून ती घरामागं जायची, एक ओंडका फोडायची, परत येऊन जेवायची.

"काट्याकडे बघू नकोस," डेलबर्ट सांगायचा.

"मग कुठं बघू?"

"पोतं उचलून बघ."

जुलैत गुडघे लटपटायचे थांबले. ऑगस्टमध्ये तिचं क्रिएटिनिन पूर्वीसारखं आलं आणि ते कळवायला फर्नने स्वतःहून फोन केला. ऑक्टोबरमध्ये वजन एकशे एक, बीएमआय पावणेचौतीस. आणि टाकीने सांगितलं, तीस टक्के. गमावलेल्या मांसातलं अर्धं परत आलं होतं. गेली होती ती चरबी. डेलबर्टने दोन्ही आकडे एकाच कागदावर लिहून दिले. ऐलीने तो इस्पितळात पाठवला, यावेळी वाद न घालता.

डॉक्टर गान्योंनी तारीख दिली ती नोव्हेंबरची.

ऑपरेशनच्या आधी दोघा भावंडांच्या खाटा थोडा वेळ शेजारी-शेजारी लावल्या होत्या. आर्वो छताकडे बघत म्हणाला, "नको वाटलं तर अजून सांग. मी रागावणार नाही."

"आता? सहा महिने वाटाणे खाल्ल्यावर?"

"तुझ्या पायाने खाट हलतेय, म्हणून म्हटलं."

"ती भीतीने हलतेय," ऐली म्हणाली. "पण नको असं नाही."

तिची किडनी त्याच्या पोटात बसवली आणि टाके घालायच्या आधीच तिने काम सुरू केलं, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ऐली पोटाला उशी धरून बोळात चालत होती. परिचारिकांनी बसायला सांगितलं, मग विनवलं, मग नाद सोडला. चौथ्या दिवशी ती चालत चालत आर्वोच्या खोलीत पोचली तेव्हा तो कांबळं बाजूला टाकून बसला होता. त्याचे हात गरम होते. तिने ते दोनदा धरून पाहिले.

पुढचे सहा आठवडे तिला किटलीहून जड काही उचलायला मनाई होती. ते सहा आठवडे तिच्या शेजाऱ्यांना अजून आठवतात. औषधांनी आर्वोचा चेहरा गोल झाला आणि भूक खवळली. आता तो रोज दुपारी दुकान बंद करून तासभर चालायला जातो, साखर टोचून बघतो, आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला स्वतःच्या बेंबीवरून टेप फिरवून आकडा भिंतीवर खडूने लिहितो. गिऱ्हाइकांना वाटतं, कुणाच्या तरी पँटीचं माप आहे.

पण ही किडनी किती वर्षं टिकेल, ते कुणी सांगत नाही. दहा, पंधरा, वीस. सोमवारी त्याचं रक्त तपासायला जातं आणि मंगळवारी दुपारपर्यंत ऐलीला काही गोड लागत नाही. अशाच एका मंगळवारी फोन आला तेव्हा ती गोदामाच्या फाटकाशी होती.

"कसं आहे?" तिने विचारलं.

"तुझ्यासारखं," आर्वो म्हणाला. "हट्टी. चाललंय नीट."

"नक्की?"

"अगं, नक्की. आज काय उचललंस?"

"चाळीस पोती. ओट्सची."

"मग जा, उरलेली उचल," तो म्हणाला. "मला चालायला जायचंय."